कॅरो गॅपच्या घाटात रडलेली शिट्टी

१

एमलिन रॉसरला पुरून महिना उलटला, तरी त्याची शिट्टी काही गप्प बसेना.

आमच्या लाइनीवर शिट्टी कंपनीची नसते, ड्रायव्हरची असते. ड्रायव्हर इंजिनावर चढताना आपली शिट्टी बसवतो, ड्यूटी संपली की उतरवून पिशवीत घालून घरी नेतो. प्रत्येकाचा सूर वेगळा, दोरी ओढायची तऱ्हा वेगळी. कॅरो गॅपमधल्या कुठल्याही बाईला डोळे मिटून विचारा, कोण चाललाय ते ती बटाटे सोलता सोलता सांगेल. रॉसर वेल्सचा, चर्चमध्ये गाणारा माणूस. शेवटचा सूर तो असा हळू खाली उतरवायचा की माझ्यासारख्या खडूस बाईच्याही हातातली पळी थांबायची.

आमचं गाव घाटाला लटकलेलं. चढावर आमची घरं, माथा ओलांडला की पलीकडच्या उतारावर स्टेशन आणि इंजिनांची शेड. रॉसर संध्याकाळी ‘ब्लू हेरन’ ही वेगाची गाडी घेऊन चढ चढायचा, स्वतःच्या घरासमोर शिट्टी द्यायचा, आणि त्याची बायको विनी ताट मांडायला घ्यायची. गाडी पलीकडे पोचवून तो चालत घरी येईपर्यंत जेवण तयार.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी गाडी माथा ओलांडून गेली आणि बॉयलर फुटला. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या खाली आल्या. डबे देवाच्या कृपेनं रुळांवरच राहिले. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन मायलो हुदाक झुडपात फेकला गेला, हात मोडला पण वाचला. रॉसर वाचला नाही.

कंपनीनं निकाल लावून टाकला: ड्रायव्हरनं बॉयलरमध्ये पाणी कमी पडू दिलं, भट्टीचं छप्पर पाण्याबाहेर उघडं पडलं, तापलं आणि फाटलं. हलगर्जीपणा. म्हणजे विनीला पेन्शन नाही, कंपनीचं घर खाली करायचं, आणि चर्चमध्ये बायका बाकावर तिच्यापासून लांब सरकून बसणार ते वेगळंच. शुक्रवारी सरकारी निरीक्षक येऊन त्या निकालावर सही करणार होते.

आणि इकडे धुकं उतरलं की माथ्यावरून ती शिट्टी ऐकू यायची. तोच सूर, तीच उतरण. रॉसरची पितळी शिट्टी अपघातात नाहीशी झालेली, सापडलीच नव्हती. गाव दारं लावून घ्यायचं. विनी मात्र दार उघडून ताट मांडायची. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला घाम फुटला.

२

ड्रायव्हरांच्या संघटनेनं चौकशीला माणूस पाठवला तो ऑगस्ट निक्विस्ट. उतरला माझ्याच खाणावळीत, कारण गावात दुसरी नाहीच. उंच, वाकलेला, एका कानानं बहिरा. आयुष्यभर इंजिन चालवून कान गेलेला. मला वाटलं, शिट्टीचं भूत शोधायला संघटनेनं बहिरा माणूस पाठवलाय, आता झालं कल्याण.

पहिल्याच सकाळी त्यानं चादरीकडे बोट दाखवलं. “लॉटीबाई, हे डाग कसले?”

“राहायचं तर राहा, नाहीतर बाहेर बाक आहे!” मी तडकले. “मेल्या ब्लू हेरननं केलेत. रॉसर गेला त्या संध्याकाळी सगळं धुणं दोरीवर होतं. आभाळ लख्ख, आणि गाडी गेली तसा वरून काळा पाऊस! तीनदा उकळल्या, जात नाहीत. गावातल्या बाया म्हणतात, इंजिन काळे अश्रू गाळत होतं.”

“पाऊस? काजळी नाही?”

“अहो, काजळी मला माहीत नाही? रुळांकाठी जन्म गेला माझा. काजळी झटकली की जाते. हे ओले थेंब होते, गरम.”

तो चादरीचा डाग अंगठ्यानं चोळत राहिला, आणि माझी कॉफी निवून गेली.

मग त्यानं असा उद्योग सुरू केला की गाव हसून हसून बेजार. फाटकावरचा म्हातारा फायलो गार्व्हर, दुधाचा धंदा करणारी मिसेस स्टोल्ट्झ, सगळ्यांना एकच प्रश्न: “रॉसरची त्या संध्याकाळची शेवटची शिट्टी कशी होती? तोंडानं काढून दाखवा.”

फायलोला दात नाहीत. त्यानं तोंडाचा चंबू करून जो काही आवाज काढला, त्यानं त्याचं कुत्रं पळालं. निक्विस्टनं चांगला कान पुढे केला. “पुन्हा.”

“पुन्हा कसली डोंबलाची! सांगतो ना, नेहमीसारखी नव्हती. घशात पाणी घेऊन खळखळावं तशी होती. रडत होता हो तो. त्याला मरण दिसलं होतं.”

मिसेस स्टोल्ट्झही तेच म्हणाली. तिच्या गाईंनी माना वर केल्या म्हणे.

शेवटी आम्ही विनीकडे गेलो. ती खिडकीशी बसलेली, खोक्यांत अर्धं सामान भरून ठेवलेलं. मी म्हटलं, “विनी, हा माणूस वेडा आहे, पण बरा वेडा आहे. तो विचारतोय ते सांग.”

ती खिडकीकडे वळली. मग गायली. शिट्टीचा तो सूर, नवऱ्याचा, तिनं गळ्यातून काढला, आणि शेवटी जिथं तो खाली उतरायचा तिथं तिचा आवाज फुटला, गुळणीसारखा. “असा,” ती म्हणाली. “चोवीस वर्षांत असा कधी वाजवला नाही हो त्यांनी. मला हाक मारत होते आणि मी इथं बटाटे चिरत बसले.”

“बाई,” निक्विस्ट म्हणाला, “तुम्ही रडता म्हणून आवाज फुटला, की शिट्टीच तशी होती?”

“शिट्टीच तशी होती.”

बाहेर धुकं दाटलं होतं. आणि तेवढ्यात माथ्यावरून शिट्टी आली. स्वच्छ, लांब, शेवटी हळूच उतरणारी. रॉसरची! निक्विस्टनं आपला चांगला कान खिडकीला लावला. विनी शांतपणे उठली आणि फडताळातून ताट काढू लागली.

३

दुसऱ्या दिवशी निक्विस्ट शेडमध्ये गेला. शेडमधल्या माणसांचे जेवणाचे डबे माझ्याकडूनच जातात, तेव्हा मीही गेले. कुणाला काय वाटतंय याची मला पर्वा नाही.

ब्लू हेरनची इंजिनं दोन होती, जुळ्या बहिणी. एक फुटली, दुसरी शेडमध्ये उभी होती. माणसाच्या उंचीची चाकं; वेगाच्या गाडीला मोठी चाकं लागतात. पण चाकांखेरीज इंजिनाचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं दोघींना नखशिखान्त निळ्या पत्र्याचा अंगरखा चढवला होता, वर रुपेरी पट्टा. बॉयलर, नळ्या, भट्टी, सगळं झाकलेलं. पेपरात फोटो आले होते. आमच्या फोरमननं, हार्लन क्रीलनं, ते कापून ऑफिसात लावले होते.

क्रील गोड बोलणारा माणूस. कॉलर नेहमी पांढरी. त्या शेडमध्ये कॉलर पांढरी ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे!

“या, निक्विस्ट. बिचारा रॉसर. वय झालं होतं हो. पाणी बघायचं राहून गेलं. फायरमनचीही तशीच साक्ष आहे.”

“फुटलेलं इंजिन बघायला मिळेल?”

“ते तोडून वितळवायला गेलं. तसं बघवत नव्हतं लोकांना.”

“घाई केलीत. रॉसरनं आधी काही तक्रार केली होती?”

क्रील हसला. “रोजच. त्या सकाळीही आला होता. म्हणे भट्टीपाशी पत्र्याखाली फुसफुस ऐकू येते. मी म्हटलं, बाबा, तुझे कान फुसफुसतायत.”

“मग या दुसरीचा पत्रा काढून दाखवा.”

“काय बोलता? आज हिला गाडी ओढायची आहे. रंगावर ओरखडा आला तर अध्यक्षसाहेब माझी चामडी काढतील. उद्या सही होईल, मग बघू.” आणि त्यानं रुमालानं त्या निळ्या पत्र्यावरचा कुणाच्या तरी बोटाचा ठसा पुसला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “साहेब, संपलं की हो. पुरावा वितळला, त्या मायलोची साक्ष झाली. आता भूतच साक्ष देईल तर.”

“तेच म्हणतोय मी,” निक्विस्ट म्हणाला. “शाल घ्या, लॉटीबाई. संध्याकाळी माथ्यावर जाऊन त्याला भेटू.”

४

मी गेले. का गेले देव जाणे. धुकं असं की माझे स्वतःचे बूट दिसत नव्हते. ब्लू हेरन नुकतीच वर चढून पलीकडे उतरली होती, रूळ अजून कुरकुरत होते.

“भुताला काय लागतं?” निक्विस्टनं विचारलं.

“पाप लागतं.”

“या भुताला वाफ लागते. फुंकून ती शिट्टी वाजत नाही, बॉयलर लागतो. गाडी तर निघून गेली. मग या वेळी माथ्यावर वाफ कुणाकडे?”

“कुणाकडे नाही. इथं काहीच नसतं. म्हणजे, ते बँकर सोडून.”

बोलले आणि मीच थबकले. बँकर म्हणजे गाडीला मागून ढकलत माथ्यापर्यंत आणणारं जुनं काळं इंजिन. प्रत्येक गाडीनंतर ते बाजूच्या रुळावर धापा टाकत उभं असतं. रोज, इतकी वर्षं. त्याला कोण मोजतं?

तेवढ्यात शिट्टी वाजली, आमच्या डोक्यावरच. मी किंचाळले आणि निक्विस्टचा हात धरला. धुक्यात भट्टीच्या दाराचा लाल उजेड दिसला, आणि त्या उजेडात एक माणूस, दोरीला लोंबकळल्यासारखा उभा, एका हाताला फळी, गालांवर पाणी.

मायलो हुदाक. महिन्यापूर्वीपर्यंत फायरमन, क्रीलनं त्याला आता बँकरचा ड्रायव्हर केलं होतं.

“अरे मेल्या!” भीती गेली तसा माझा संताप उसळला. “ती बाई रोज मेलेल्या नवऱ्याचं ताट मांडते, आणि तू इथं खेळ करतोस?”

“खेळ नाही हो, मावशी.” तो खालीच बसला. “ओढ्यात सापडली मला शिट्टी. त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो द्यायला. दार वाजवायला हात उठेना. मग या इंजिनावर टपाच्या आडोशाला बसवली, कुणाला दिसू नये म्हणून. वाटलं, निदान त्यांचा आवाज तरी घरी पोचवावा.”

“हात का उठेना?” निक्विस्टनं विचारलं.

मायलोनं तोंड फिरवलं.

“त्या दिवशी बॉयलरमध्ये पाणी किती होतं?”

“कमी होतं. साक्षीत सांगितलंय मी.” मान वर न करता बोलला.

“मग उद्या दुपारी मला तू हवास, आणि हे इंजिन हवं. निरीक्षकांसमोर. येशील?”

 मायलोनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून होकाराची मान हलवली.

५

शुक्रवारी दुपारी माझ्या धुण्याच्या दोरीखाली अख्खं गाव जमलं. निरीक्षक पायानं माती उकरत होते, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. क्रील हसऱ्या तोंडानं उभा. विनीला मी हाताला धरून आणलं. आणि निक्विस्टनं काय करावं? माझा लग्नातला पांढरा टेबलक्लॉथ मागून घेतला आणि दोरीवर टाकला! मी दिला, पण शिव्या घालत दिला.

मायलोनं बँकर खालून चढवत आणलं. पहिल्यांदा बॉयलरमध्ये पाणी कमी ठेवून. शिट्टी वाजली ती काचेसारखी स्वच्छ. टेबलक्लॉथवर थोडी काजळी पडली. मी झटकली, गेली.

“आता भर,” निक्विस्ट ओरडला. “तुडुंब भर. आणि जोरात घे!”

इंजिन मागं गेलं आणि पुन्हा चढू लागलं. या खेपेला धुराड्याचा आवाजच जड झाला होता. आमच्यासमोर आलं, मायलोनं दोरी ओढली, आणि शिट्टी खळखळली, अडखळली, रडली. वरून गरम काळे थेंब सडासडा आले. फायलो गार्व्हर ओरडला, “हीच! हीच ती!” विनीनं माझ्या दंडात नखं रुतवली. माझ्या टेबलक्लॉथची काय दशा झाली ते सांगत नाही.

निक्विस्ट निरीक्षकांकडे वळला. “बॉयलर गळ्यापर्यंत भरला की वाफेबरोबर पाणी उडतं. तेच शिट्टीत जाऊन गुळण्या करतं, तेच धुराड्यातून काजळी घेऊन बाहेर पडतं. पाणी कमी असेल तर यातलं काहीच होत नाही. रॉसर माथ्यावर पोचला तेव्हा त्याचा बॉयलर नुसता भरलेला नव्हता, ओसंडत होता. उताराला पाणी पुढे धावतं आणि मागे भट्टीचं छप्पर उघडं पडतं, म्हणून जपणारा ड्रायव्हर माथ्याआधी पाणी वाढवतो. रॉसर नेहमी वाढवायचा. त्या दिवशी हद्दीबाहेर वाढवलं, कारण सकाळपासून त्याला ती फुसफुस खात होती. माथ्यापलीकडे काही मिनिटांत तेवढं पाणी जाईल कुठे?”

“कमाल आहे!” क्रील म्हणाला. “मग बॉयलर काय जादूनं फुटला?”

“ते पत्रा काढला की कळेल,” निक्विस्ट म्हणाला.

निरीक्षकांनी परतीच्या गाडीचा नाद सोडला. आम्ही सगळी वरात शेडमध्ये गेलो. क्रील रंगाबद्दल काहीतरी पुटपुटत होता, कुणी ऐकलं नाही. फिटरांनी त्या दुसऱ्या इंजिनाचा निळा अंगरखा भट्टीपाशी उतरवला.

आत बोल्टांच्या रांगाच रांगा. भट्टीची आतली भिंत आणि बॉयलरची बाहेरची भिंत या दोघींना तेच धरून ठेवतात. प्रत्येक बोल्टच्या डोक्यात एक बारीक भोक असतं. बोल्ट आतून तुटला की त्या भोकातून वाफ फुसफुसते आणि चुगली करते. मग बोल्ट बदलायचा. निक्विस्टनं कंदील जवळ नेला. कितीतरी भोकं हातोड्यानं ठोकून बुजवलेली होती; आतले बोल्ट तुटलेले तसेच, आणि कुणाला पत्ता नाही.

निरीक्षकांनी एका भोकावरून बोट फिरवलं.

“वाफेनं आतून रंगाला फुगे येत होते,” क्रील शेवटी म्हणाला. कॉलरमध्ये बोट घालून ती सैल करत होता. “अध्यक्षसाहेबांनी दोनदा बोलणी खायला लावली. बोल्ट बदलायला इंजिन आठवडे बंद ठेवावं लागतं, आणि गाडी रोज धावलीच पाहिजे असा हुकूम. वसंतात बदलणार होतो मी. शपथेवर सांगतो, वसंतात सगळे बदलणार होतो.”

“आणि फुटलेल्या इंजिनाची भोकं?” निरीक्षकांनी विचारलं.

 मागून मायलोचा आवाज आला.

“तिचीही बुजवली होती. मीच कंदील धरला होता.”

६

सगळं बाहेर आलं. क्रीलनं मायलोला धमकावलं होतं: पाणी कमी होतं म्हण, नाहीतर भोकं बुजवताना कंदील कुणी धरला ते सांगेन. आणि म्हणालास तर बँकर तुझं. निरीक्षकांनी जुना निकाल फाडला आणि क्रीलला सोबत घेऊन गेले. विनीची खोकी मी माझ्या हातांनी सोडली.

पण मायलो तिच्या पायरीवर उभा होता, टोपी हातात चुरगाळत. विनी दारात आली. मी मधे पडणार होते, निक्विस्टनं माझी शाल ओढली.

“शेवटी काय म्हणाले ते?” विनीनं विचारलं.

“माथा ओलांडल्यावर भट्टीच्या दाराशी फुसफुस वाढली,” मायलो म्हणाला. “त्यांनी वाफ बंद केली, ब्रेक लावला. मला म्हणाले, मागे जोडलेल्या टेंडरवर जा, तिथला कोळसा पुढे ओढ. कोळसा समोर ढीगभर होता, बाई. मी म्हटलं, अहो, आहे की इथं. तर ओरडले, जा म्हणतो ना! आयुष्यात कधी ओरडले नव्हते माझ्यावर. मी टेंडरच्या टोकाला पोचलो आणि...” त्यानं टोपी आणखी चुरगाळली. “मला वाचवायला पाठवलं त्यांनी. आणि मी त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.”

मला वाटलं विनी त्याला थोबाडणार. मी असते तर थोबाडलं असतं. तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

“हे मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “मला ठाऊकच होतं माझा माणूस कसा होता. त्यांना सगळ्यांदेखत दोषी म्हणालास तू. रविवारी चर्चमध्ये येऊन सगळ्यांदेखत सांग.”

“मी तुमच्या चर्चचा नाही, बाई.”

“म्हणून काय झालं? तोंड आहे ना?”

रविवारी तो आला. अंगावर उसना कोट, हाताला अजून फळी बांधलेली. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी खूण केली तसा पुढे गेला आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या शेजारच्या बायका, ज्या महिनाभर सरकून बसत होत्या, त्या गुडघ्यांकडे बघू लागल्या.

“एमलिन रॉसर यांचा काही दोष नव्हता,” मायलो म्हणाला. आवाज जेमतेम फुटला. “बॉयलर भरलेला होता. मी खोटं बोललो. त्यांनी मला वाचवलं.”

पहिल्या बाकावरून विनी उठली.

“मोठ्यानं,” ती म्हणाली. “मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही.”

मायलोनं श्वास घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.